सालेमची बंदूक आणि आमची झुबेदा

झुबेदाचा फोन आला तेव्हा मी बांगड्यांना मसाला लावत होते. हॉस्पिटलात यांच्याजवळ तीच थांबली होती. "अम्मी..." एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "कळलं गं." हात हळदीमिठाने माखलेले, आणि मनात यावं तरी काय? की हा माणूस आजही जेवायच्या वेळेला आला नाहीच! आयुष्यभर माझी तीच तक्रार. दुकानात हाक मारावी तर उत्तर ठरलेलं, "आलो, एवढा एक पार्ट बसवून."

आमच्या यांना जाऊन आता काही आठवडे झाले. इथेच दुबईत मरीनाला राहणारी नातवंडं येऊन बसतात आणि विचारतात, "नानी, वॉज नाना रियली अ गनस्मिथ?" त्यांना वाटतं, नाना बंदुका बनवायचे. बनवत नव्हते रे बाबांनो, जुळवत होते. साठच्या दशकातली गोष्ट. दुबईच्या देऱ्यात, खाडीजवळ यांचं दुकान आणि पडद्यामागे आमची खोली. इंग्रज पलटणींनी मोडीत काढलेल्या रायफली तेव्हा बाजारात ढिगाने यायच्या. वाळवंटातल्या माणसाला बापाची बंदूक म्हणजे घरातलं माणूस, आणि तेल कंपनीच्या साहेबांना त्या जमवायचा षौक. साहेबाला तर सगळे भाग मूळचेच हवे असायचे. गोळी आत ढकलून मागचं तोंड बंद करणारा जो सरकता दांडा, तो बोल्ट. बंदुकीवर जो नंबर, तोच त्याच्यावर. दोघं कारखान्यात एकमेकांसाठी बसवलेले. पण बाजारातले लबाड कुठलाही बोल्ट घेऊन त्यावर हवा तो नंबर ठोकून द्यायचे. हे डोळे मिटून आकड्यावरून नख फिरवायचे. ताज्या आकड्याची कड नखाला लागते, जुना आकडा हातांनी गुळगुळीत झालेला असतो. "माझ्यासारखं नख अख्ख्या खाडीत नाही," असं मिशीला पीळ देत सांगायचे. नम्रपणा नावाला नव्हता!

त्याच सुमाराला आमची झुबेदा गावाहून आली. मी दुबईला आले तेव्हा ती रांगत होती. इथे ना धड जागा ना पाणी, म्हणून काळजावर दगड ठेवून तिला रत्नागिरीकडे सासूबाईंपाशी ठेवलं होतं. आता पहिलीचं पुस्तक छातीशी धरून दीरांबरोबर बोटीतून उतरली, आणि मला म्हणाली, "भाभी." दीर मला जी हाक मारायचे तीच. मी म्हटलं, "मी तुझी अम्मी." तर म्हणे, "माझी मां गावाला आहे." मां म्हणजे आजी. अहो, पोटच्या पोरीने असं म्हटल्यावर काय होतं ते मी कुठल्या शब्दांत सांगू? मला ती परत हवी होती, आणि लगेच हवी होती. ती मात्र खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात झोपायची. केसांना हात लावू द्यायची नाही. स्वतःच वेडावाकडा भांग पाडून बसायची.

अशात सालेम नावाचा अरब बापाची रायफल घेऊन आला. मुलाच्या लग्नात तिचाच बार निघायला हवा होता. पण कुणा कारागिराने बऱ्याच बंदुका एकदम उघडून बोल्टांची सरमिसळ करून ठेवली होती, तेव्हापासून सालेमची रायफल खुळखुळायची. हिचा खरा बोल्ट यांना एका इंग्रज साहेबाच्या बंदुकीत सापडला, आणि साहेबाचा सालेमच्या! साहेब एकदम खूश. अदलाबदल झाली. सालेमच्या बंदुकीला तिचा स्वतःचा बोल्ट मिळाला, आणि बघतो तर काय, तो आत सरकेचना.

सालेम भडकला. "उस्ताद, नंबर झूठा है!" यांनी नख फिरवलं आणि मान हलवली. "नंबर सच्चा है, हबीबी. इतने साल दूसरे के घर में था." सालेम म्हणाला, "तो कानस मारो, यल्ला, जल्दी करो, शादी आ गई." हे म्हणाले, "घिसा हुआ लोहा वापस नहीं आता." मग यांनी दिव्यावर बोल्टला काजळी धरली. आत सरकवायचा, बाहेर काढायचा. जिथली काजळी पुसली गेली, तिथे तो अडतो. तिथे तेलाचं बोट लावायचं, चिंधीने चोळायचं आणि पुन्हा तेच. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक... माझं डोकं उठलं नुसतं.

त्याच संध्याकाळी मी फणी घेऊन झुबेदाचा दंड धरला, आणि ती मला कडकडून चावली. मी किंचाळले. हे काळ्या हातांनी आत आले. "जोर नाही लावायचा," म्हणाले. मी फणी फेकली. "मुलगी म्हणजे काय तुमची बंदूक आहे?" हे शांतपणे म्हणाले, "नाही. पण नंबर तोच आहे ना? तो कोण पुसतंय? मधली वर्षं दुसऱ्या हातात गेली, एवढंच. कुठे अडतंय ते बघ आधी."

असा राग आला म्हणता! रडूनही घेतलं. पण दुसऱ्या दिवशी फणी बाजूला ठेवून तिला विचारलं, "मां तुझे केस कसे विंचरायची गं?" तिने आधी बाजूला ठेवलेल्या फणीकडे बघितलं. मग म्हणाली, "मां आधी गुंता बोटांनी सोडवते. मग फणी." आणि तिथून जी बोलायला लागली... मां, मांच्या कोंबड्या, मांचे घावणे. सासूबाईंचं कौतुक मी एवढं कधी ऐकून घेतलं नव्हतं! ऐकता ऐकता बोटांनी गुंता सोडवत राहिले. तिने मान बाजूला घेतली नाही.

सालेमने लग्नाला आम्हा सगळ्यांना नेलं. बोल्ट आता अंगठ्याने सरकत होता. बायकांच्या घोळक्यात झुबेदा माझ्यापासून लांब बसली होती. सालेमने रायफल आकाशाकडे धरली आणि पहिला बार काढला. पोरगी दचकून उठली, कुणाच्या पायावर पाय देत, कुणाची ओढणी ओढत धावत सुटली आणि "अम्मी!" म्हणून माझ्या कुशीत घुसली. मी तिला गच्च धरून बसले. लोक बंदुकीकडे बघत होते. हे पुरुषांमधून टाचा उंचावून आमच्याकडे बघत होते, आणि मिशीला पीळ देत होते.

आता मी इद्दतीत आहे, नवऱ्यामागे बाईने पाळायचे ते चार महिने दहा दिवस. केसांना तेल नाही, त्यामुळे नुसता गुंता झालाय. यांची बंदुकीच्या तेलाची बाटली आणि चिंध्यांचा डबा खिडकीत आहे तिथेच आहे. झुबेदा रोज संध्याकाळी येते. आता तिचेही गुडघे दुखतात, म्हणून मी खाली बसते आणि ती मागे खुर्चीत. काल मी वैतागून म्हटलं, "अगं, मार फणी आणि ओढ एकदाची. तुटले तर तुटले."

तिची बोटं थांबली नाहीत. म्हणाली, "जोर नाही लावायचा, अम्मी. अब्बा रागावतील."