गेणबाचं खारट कालवण

भिगवणच्या खाली भीमेच्या पात्रात नाव दिसली आणि तिच्यावरून धूर निघत असला, की ती गेणबा भोयाची हे काठावरच्या माणसांना सांगावं लागत नसे. फुटक्या घमेल्यात माती लिंपून त्यावर तीन दगड मांडलेली चूल त्यानं नावेच्या मागच्या अंगाला बसवली होती. निघताना बायको, प्रयागबाई, कडक भाकऱ्या आणि येसराची पुरचुंडी द्यायची. भाजलेल्या धान्याचं ते मसाल्याचं पीठ नदीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, जाळ्यातल्या मरळीचे तुकडे टाकायचे, की झालं कालवण. रांधण्यात भीमेवर आपला हात धरणारा कुणी नाही, असं तो छाती ठोकून सांगे. आणि ते खरंही होतं.

खोड एकच, संशयाची. कुणी रामराम घातला तरी याच्या मनात पहिलं यायचं, ह्याचं आज काय काम असंल?

पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर हिंदुराव नावाच्या ओव्हरसिअरनं पाण्याची खोली मोजायला त्याची नाव चार दिवस ठरवली. ज्या घाटावरून गेणबा माणसं पलीकडे उतरवायचा तिथं पूल होणार, अशी कुजबुज वर्षभर चालली होती. पूल झाला तर नावेत बसून पलीकडे कोण जाणार? सारं घर त्या एका नावेवर जगत होतं.

पहिल्या दुपारी नाव करंजाच्या सावलीला बांधून त्यानं सवयीनं झकास कालवण केलं. साहेबानं दोनदा मागून घेतलं, बोटं चाटली आणि मग विचारलं, "गेणबा, भरपावसात पेटते का हो ही चूल?"

"पेटती की. वर किंतान धरायचं."

"आणि चार माणसांचं होईल हिच्यावर? रोजचं, दोन्ही वेळचं?"

गेणबाच्या मनात पाल चुकचुकली. चार माणसं कशाला? रोज कशाला? ही पुलाचीच माणसं. आपल्याच नावेत बसून, आपलंच खाऊन, आपल्याच पोटावर पाय देणार. साहेबानं वहीत काहीतरी लिहिलं, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

ह्याला पळवायचा. रात्रीच्या कालवणात त्यानं मुठीनं मीठ घातलं. दुसऱ्या दिवशी ते करपवलं. तिसऱ्या दिवशी मासळीच गावली नाही म्हणून हुलग्याचं अळणी माडगं पुढं ठेवलं. जाळ्यातली मरळ त्यानं गुपचूप पाण्यात सोडली होती, आणि सोडताना त्याचा जीव तुटला. साहेब मुकाट्यानं गिळायचा, वर पाणी प्यायचा, पण नावेतून उतरायचं नाव घेईना. उलट गेणबाकडं टक लावून बघायचा. मग गेणबाला वाटे, ह्यानं वळखलं.

चौथ्या दिवशी नाव घाटाला लागली. साहेबानं वही पिशवीत टाकली.

"एक सांगतो, गेणबा. पूल दोन वर्षांपूर्वीच ठरलाय. मी मोजलं काय, न मोजलं काय. तुमची नाव बंद होणार, याचं मला वाईट वाटत होतं."

गेणबानं वल्हं नावेत आडवं ठेवलं.

"आमच्या खात्याची मोठी नाव येतेय. चार माणसं बारमाही नदीवरच राहणार. नाव हाकणारा आणि नावेतच रांधणारा माणूस हवाय, कायमच्या नोकरीला. पहिल्या दुपारी जेवलो आणि म्हटलं, शोध संपला. वहीत तुमचं नावही लिहिलं." साहेबानं पिशवी खांद्याला लावली. "मग पुढं असं काय झालं हो? आजारी होता का?"

मुद्दाम नासवलं म्हणावं, तर ताटावर बसलेल्याला दगा देणारा माणूस कोण नावेत घेईल? आजारी होतो म्हणावं, तर तीन दिवस ह्याच्यासमोर मैलोन् मैल नाव हाकलेली. समोरच्याच्या मनात काही काळंबेरं नाही हे आयुष्यात पहिल्यांदा त्याला पटलं होतं, आणि त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

"न्हाय साहेब," तो खाली बघत म्हणाला, "मला रांधायला येतच न्हाय. पयल्या दिवशी चुकून बरं झालं."