मधल्या रांगेतला रुमाल

गेल्या रविवारी सकाळी शोरूममधल्या सात आसनांच्या तीन गाड्यांत एका आत्याबाईंना बसवून पाहण्यात आले. गाडी भाचा घेणार होता. आत्याबाई प्रत्येक वेळी आपणहून शेवटच्या रांगेत शिरल्या. पहिल्या गाडीत गुडघे हनुवटीला टेकले, दुसरीत डोके छताला लागले, तिसरीत पाय कसेबसे मावले. तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "ऐसपैस आहे."

"आत्या, मागच्या वर्षी कुलदैवताला जाताना 'जागा नाही' म्हणत घरी राहिलीस. या वेळी मधे बसायचं."

"मधे पोरं बसतील रे."

"पोरांचे गुडघे नवे आहेत."

त्या मधल्या आसनावर टेकल्या. पाठ हळूच मागे गेली, डोळे मिटले. उभ्या गाडीतही माणूस कुठेतरी जात असतो. मिटल्या डोळ्यांपुढे काचेबाहेरची फरशी, फुगे, माणसे संथपणे मागे सरकू लागतात. आयुष्यभर उरलेल्या जागेत बसलेल्याला ऐसपैस म्हणजे किती, हे कोणत्या टेपने मोजणार?

थोड्या वेळाने सगळे गाडी नोंदवायला टेबलापाशी गेले. तिसरी गाडी रिकामी होती. मधल्या रांगेत, डाव्या खिडकीशी, एसटीत जागा धरायला टाकतात तसा आत्याबाईंचा रुमाल होता.