कॉम्प्युटरचा वेळ जातो कुठे?

किस्से कुणी जमवत नाही. खणातल्या टाचण्यांसारखे ते आपोआप साठत जातात. सत्तरच्या दशकात वाशीमला आम्ही चौघं कपाशीच्या बियाण्यांच्या प्रयोगांचं गणित करायचो. कॉम्प्युटर मात्र नागपूरला. दर शुक्रवारी एक तास आमचा, आणि आमचा प्रोग्रॅम तासात कधी संपायचाच नाही! पेरणीआधी निकाल लागला नाही, तर वर्षभराचे प्रयोग वाया.

*

प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांची पेटी. भोकं पाडायच्या धनजच्या शांताताई. एकदा नागपूरला जाताना एसटीचा कंडक्टर म्हणाला, "पेटी टपावर टाका."

शांताताईंनी ती मांडीवरच आवळून धरली. "कार्डं उलटीपालटी झाली, त कपाशीच्या जागी तूर उगवन! मंग तुमी याल का निंदाले?"

*

प्रोग्रॅम लिहिला होता रिठद गावच्या इंगळेनं. "काहून हळू चालून राह्यला रे?" विचारलं, की तो म्हणायचा, "गुणाकार लय हायेत ना!"

आम्ही खपून गुणाकार कमी केले. शुक्रवारी वेळ तितकाच! आमचे मोरेसाहेब म्हणाले, "काटा डाव्या पायात, अन् तुमी उजवा कोरून राह्यले!"

*

मग मी प्रत्येक पायरीला मोजणी जोडली. कोणती पायरी किती वेळा चालते, सगळं कळणार होतं. पण मशीन मोजण्यातच असं रमलं, की अर्धंही गणित झालं नाही.

शांताताई म्हणाल्या, "कापूस येचाचा सोडून बोंडंच मोजत बसलं बापा!"

*

शेवटी मोरेसाहेबांनीच तोड काढली. "बाया काम करून राह्यल्या का नाही, हे पाहाले दिवसभर बांधावर बसा लागते का? मधातच डोकावाचं!"

त्या शुक्रवारी आम्ही मशीन मधूनमधून थांबवत होतो, कोणत्या पायरीवर सापडलं ते पाहत होतो, पुन्हा सोडत होतो. जवळजवळ दरवेळी ते एकाच जागी सापडलं.

"हे काय हाये रे, इंगळे?" मोरेसाहेबांनी विचारलं.

इंगळे खिडकीबाहेर पाहू लागला.

तिथलं छपाईयंत्र फक्त इंग्रजी अक्षरं छापायचं. म्हणून पठ्ठ्यानं फुल्यांना फुल्या जोडून प्रत्येक पानाच्या माथ्यावर मराठीत भलंमोठं 'रिठद' काढलं होतं! आणि मशीन दर पानाला ती नक्षी पहिल्यापासून मांडत होतं.

"मायले दाखवाचं होतं, साहेब," तो पुटपुटला. "काढून टाकतो."

"काढू नको. पयल्या पानावर एकडाव येऊ दे. बाकीची पानं कोऱ्या डोक्याची चालतीन."

पुढच्या शुक्रवारी गणित तासाच्या आत संपलं. पेरणीआधी निकाल हातात! आम्ही पेटी उचलून निघालो, पण मोरेसाहेब मागेच रेंगाळले. ते मूळचे मेडशीचे. इंगळेच्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाले,

"वेळ उरला म्हन्तं ना? मंग रिठदच्या खाली मेडशी बसन का रे?"