ट्रक वाढवणला गेला होता

ते प्रकरण विसरता आले असते, तर मी केव्हाच विसरलो असतो. गेल्या महिन्यात माझ्या हाताखाली नोकरी केलेले एक जुने शिपाई भेटायला आले होते. चहा झाला, गुडघ्यांच्या तक्रारी झाल्या. उठताना म्हणाले, "साहेब, उधव्याचा तो ड्रायव्हर गेला, समजलं का?" मला समजले नव्हते. तेव्हापासून रोज चार-सहा ओळी लिहितो आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन एखाद-दोन वर्षे झाली असतील. मी डहाणूला फौजदार होतो. तलासरीला तेव्हा औटपोस्ट होते. तिथे एका लाकूड-ठेकेदाराने फिर्याद दिली. त्याच्याकडे युद्धात वापरलेला, लिलावात घेतलेला लष्करी ट्रक होता. त्याच्या चारही चाकांना जोर असे, त्यामुळे जंगलातल्या चढावर आणि ओढ्याच्या वाळूत तो सहज जाई. पुढच्या बाजूला तारेचा दोर गुंडाळणारे विंच होते. त्याने ओंडके ओढून काढत. मूळचे पेट्रोल इंजिन काढून ठेकेदाराने त्यात डिझेल इंजिन बसवले होते. ते इंजिन भर हंगामात जाम झाले.

फिर्यादीत दोन गोष्टी होत्या. ड्रायव्हरने डिझेल चोरले आणि आपण जाब विचारल्याच्या रागाने त्याने ऑइलमध्ये वाळू टाकून इंजिन निकामी केले. नुसत्या नुकसानीवर मला वॉरंटाशिवाय अटक करता आली नसती. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली म्हटल्यावर करता आली. फिर्याद कोणीतरी जाणकाराने रचलेली होती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

तलासरीच्या नाक्यावरचा चहावाला आमचा खबऱ्या होता. तो हवालदारांना म्हणाला, "दोन आठवड्यांमागे रविवारी तो ट्रक रिकामाच डहाणूच्या बाजूला गेला. संध्याकाळी आला तेव्हा चाकांना समुद्राची रेती. लाकूड काय दर्यात उगवतं, हवालदारसाहेब?"

एवढी खबर मला पुरली. ड्रायव्हरला अटक केली आणि डहाणूच्या लॉकअपमध्ये आणले. तिशीतला माणूस, उधव्याच्या डोंगराकडच्या शेतकरी घरातला. त्या बाजूच्या चार-पाच गावांत ड्रायव्हिंगचे लायसन असलेला तो एकटाच. लायसन मेणकापडात गुंडाळून छातीशी ठेवलेले होते. झडतीत ते काढून घेतले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "दुमडू नका," म्हणाला.

"रविवारी कुठे गेला होतास?"

"वाढवणला."

"त्या मच्छीमारांच्या गावात कशाला?"

तो टेबलावरच्या लायसनकडे बघू लागला.

"डिझेल कोणाला विकलंस?"

"विकलं नाय. जाळलं."

"आणि वाळू?"

"वाळू चाकांना होती, साहेब. इंजिनात नाय."

हवालदार म्हणाले, "मग इंजिन काय लाजून बसलं?"

मी त्याच्यावर हात उगारला नाही. पण दोन दिवस त्याला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उभे ठेवले. मारण्यापेक्षा ते सोपे असते आणि स्टेशन डायरीत येत नाही. तो उभा राहिला. वाढवणला कशाला गेला होता, एवढे मात्र सांगितले नाही. जो गप्प बसतो तो काहीतरी लपवतो, हे मी पुस्तकात वाचले होते आणि ते खरेही होते. काय लपवतो, याचा विचार मी केला नाही.

पाचव्या दिवशी दोन पंच घेऊन तलासरीला गेलो आणि इंजिन उघडायला लावले. डहाणूचा एक मिस्त्री बरोबर नेला होता. तो ट्रकही दुरुस्त करी आणि मच्छीमारांच्या होड्यांची मशीनेही. खालचा नट सोडल्यावर काळ्या ऑइलऐवजी ताकासारखे काहीतरी पांढुरके बाहेर आले. मिस्त्रीने ते बोटांत चोळले.

"रेती नथी, साहेब. रेती असती तर बोटाला लागली असती. ऑइलमध्ये पाणी गेलंय."

वरचे हेड उतरवल्यावर त्याला तडा दिसला. पाणी फिरायच्या भोकांत पांढरा थर धरला होता. मिस्त्रीने तो खरवडून जिभेला लावला आणि थुंकला. "मीठ आहे. याला कोणीतरी दर्याचं पाणी पाजलंय. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की तडा जायचाच."

परत येऊन मी ड्रायव्हरला विचारले, "रेडिएटरमध्ये खारं पाणी कोणी घातलं?"

पाच दिवसांत पहिल्यांदाच तो घाबरलेला दिसला. मग लगेच म्हणाला, "मीच."

"मुद्दाम?"

"हो, मुद्दाम. लिहून घ्या."

पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होते. तरी बरे वाटले. रिमांड वाढवून घेतला, वरिष्ठांना कळवले आणि त्या रात्री शांत झोपलो.

अकराव्या दिवशी सकाळी पन्नाशीची एक मच्छीवाली ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर रिकामी पाटी. वाढवणची होती. सुके बोंबील घेऊन ती वर्षानुवर्षे उधव्याच्या बाजाराला जाई, बोंबील देऊन भात घेई आणि दुपारी ड्रायव्हरच्या घराच्या ओट्यावर टेके. त्यांच्याकडे भात नसे त्या वर्षी तसेच बोंबील ठेवून येई. आदल्या दिवशी ती त्या ओट्यावर गेली, तेव्हा त्याच्या आईकडून तिला सगळे कळले.

"सायेब, त्याला सोडा. पाणी मी ओतलं."

मी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

"आमची होडी खडकात अडकलेली. रविवारच्या उधाणानं तिचं फळकूट ठेवलं नसतं. मी सकाळच्या गाडीनं तलासरीला जाऊन याला बोलावला. यानं तार लावून होडी वाळूवर ओढली. गाडीच्या तोंडातून वाफ निघाली, हा तिकडं तार सोडवत होता. मी म्हटलं, तापली बिचारी. हंडा भरला नि ओतला. आमच्या होडीचं मशीन दर्याचंच पाणी पितं, सायेब. हिला गोडं लागतं हे मला काय ठाऊक?"

मी ड्रायव्हरला बाहेर आणायला सांगितले. त्याला पाहताच ती ओरडली, "मेल्या, माझं पाप अंगावर घ्यायला तुला कोणी सांगितलं?"

"मावशी, तुला इथं कोंडली असती. मग तू परत उधव्याला आली असतीस?"

"न यायला काय झालं? माझे बोंबील काय हे पोलीस खाणार?"

हवालदार हसले. मला हसू आले नाही.

मग मी तपास करायला हवा होता तसा केला. ठेकेदाराच्या लाकूड-डेपोतल्या तीन मजुरांनी जबाब दिले. वाढवणहून आल्यावर ड्रायव्हरने रेडिएटर धुऊन गोडे पाणी भरले होते. इंजिन तापते, ते उघडून बघू, असे मालकाला वारंवार सांगितले होते. मालक म्हणत असे, पाणी घाल आणि चालव, हंगाम संपू दे. दोन आठवडे गाडी तशीच चालली आणि मग बसली.

न विचारता ट्रक नेला ही त्याची चूक होती. पण चोरी नव्हती आणि मुद्दाम केलेले नुकसान तर नव्हतेच. मी सी समरी पाठवली, म्हणजे फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल. मॅजिस्ट्रेटनी तो मान्य केला. मच्छीवालीचा जबाब मी ठाण्यात न बोलावता तिच्या अंगणात जाऊन घेतला.

महिन्याभरात मुंबईहून दुसरे इंजिन आले. मिस्त्रीने ते बसवले, ट्रक पुन्हा जंगलात जाऊ लागला. स्टिअरिंगवर नवा माणूस होता. लॉकअपमध्ये राहून आलेल्याला दुसऱ्या कोणी गाडी दिली नाही. पुढे उधव्याच्या बाजूला बंदोबस्ताला गेलो, तेव्हा तो नाचणीच्या शेतात दिसला. त्याने मला रामराम केला.

नोकरीत पुढे कोणी कबुली दिली की मी स्वतःला आधी विचारत असे, हा माणूस कोणाला वाचवतो आहे? बहुतेक वेळा कोणालाच नाही, असे उत्तर येई. दोनदा मात्र वेगळे आले. हा नियम मी नव्या फौजदारांनाही सांगितला; कुठून शिकलो ते सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली. प्रकरण मिटल्यावर ठेकेदाराला लिहायच्या पत्राचा मसुदा मी केला होता. हा माणूस निर्दोष आहे, याला कामावर परत घ्यावे, एवढ्या दोनच ओळी. फौजदाराने असे लिहिणे रीतीला धरून नव्हते. वरिष्ठ काय म्हणतील, असे वाटले. त्याने मावशीसाठी अकरा दिवस कोठडी सोसली. मी ते पत्र पोस्टात टाकले नाही.