अर्ध्या कपाचे मामाजी

पृथ्वीवर माणसं फार झाली, याबद्दल खुद्द पृथ्वीची माफी मागणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. आमच्या विदर्भाकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. तर हे मामाजी रोज सकाळी छत्तीसगढात, भनपुरीतल्या आपल्या अंगणात उकिडवे बसतात आणि ओल्या फडक्याने तुळशीचं एकेक पान पुसतात. शेजारच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची काळी भुकटी रात्रभर तिच्यावर बसलेली असते. पुसता पुसता पुटपुटतात, "माफ कर माय, लई झालो आम्ही." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी नवा जावई होतो. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. मी आपले हात जोडले.

मामाजींची सारी नोकरी रेल्वेत, आरक्षणाच्या खिडकीमागे गेली. त्यामुळे जगाचा प्रश्न त्यांना फार लवकर समजला, आणि फार सोपा होऊन समजला. "डबा तेवढाच हाय अन् लाइन वाढून राहिली," हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. त्यांनी घर बांधलं तेव्हा मागे तलाव होता, पलीकडे धानाची शेतं होती आणि संध्याकाळी बगळे उतरायचे. आता तलावाच्या जागी गोदामं आणि भाड्याच्या खोल्या आहेत, दारापुढून ट्रक जातात, बोअर दरवर्षी आणखी खोल न्यावं लागतं आणि मे महिन्यात टँकर येतो. दुसरा कोणी असता तर मागून आलेल्यांना शिव्या घालत बसला असता. मामाजी स्वतःला घालतात. "या पाऱ्यात, या मोहल्ल्यात पयलं घर कोनाचं? माहं. मले पाहून बाकीचे आले. मंग तलाव कोनं बुजवला?" टँकर आला की बादली घेऊन सगळ्यांच्या मागे उभे राहतात. समोरची छत्तीसगढी बाई त्यांना हाताला धरून पुढे आणते, "आवव न बबा, पहिली तुमन भर लेव." मामाजी "हव, हव" म्हणत मान डोलावतात आणि तिची पाठ वळली की पुन्हा मागे जाऊन उभे.

कारण त्यांच्या लेखी त्यांचा गुन्हा एवढ्यावर थांबत नव्हता. त्यांना पाच मुली. मुलाच्या आशेने झालेल्या, हे ते कोणापासून लपवत नाहीत. जगात आपण इतकी माणसं वाढवली, तर आता आपला वाटा सोडला पाहिजे, असा त्यांनी न्याय काढला. म्हणून रेल्वेचा पास असूनही नागपूरपर्यंत उभ्याने जायचं. "बसाची जागा ज्याले पोट्टे कमी त्याले," हे वर पुन्हा अनोळखी माणसाला सांगायचं आणि त्याला किती मुलं हेही विचारायचं. आंघोळ अर्ध्या बादलीत. पंखा फक्त पाहुण्यांसाठी. चहा अर्धा कप. कधीही, कुठेही, कोणाकडेही अर्धाच. यावर मामीजींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "अर्धा अर्धा करून दिवसातून आठदा पेते हा माणूस. गॅस माहा जळते. याच्यात पृथ्वी कोठी वाचली, तुम्हीच सांगा जावईबापू!"

लग्नकार्यात त्यांच्या पाया पडणं हे धाडसाचं काम. भाचीच्या लग्नात नवरानवरी वाकले, तर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात आशीर्वाद आला, "एकच होऊ द्या. अन् तेबी इचार करून." नवरदेवाची आत्या जेवणाच्या ताटावरून उठली. मामाजींना कळेना, आपलं काय चुकलं. "सुखाचाच तं आशीर्वाद देऊन राहिलो न बाप्पा! दोघांत एक, म्हणजे डब्यात पाय लांब करून झोपान."

आणि सगळ्यांत गाजलेला प्रकार म्हणजे मुलींची ओळख करून देणं. मी मुलगी पाहायला गेलो त्या दिवशीच तो ऐकला. "हे पयली. हे दुसरी. येथं थांबाचं होतं." मग एक निःश्वास. "हे तिसरी, हे चौथी. अन् हे पाचवी, वेटिंग लिस्टवाली." खोलीत हशा पिकला. पाचवीही हसली आणि चहा आणते म्हणून आत गेली. ती माझी बायको झाली.

आता जे लिहितो आहे ते लिहायचं की नाही, यात माझे बरेच दिवस गेले. मी मुळात कमी बोलणारा माणूस. ऑफिसच्या जेवणावळीत माझ्याकडे सांगायला काही नसायचं. सासऱ्याचा हा विनोद मला आयता मिळाला. बायकोची ओळख करून देताना मी म्हणायचो, "ही आमची वेटिंगवाली. माझ्यामुळे कन्फर्म झाली." लोक हसायचे, मी त्या दिवसापुरता गमत्या माणूस व्हायचो, आणि ती चहा, पाणी, काहीतरी आणायला उठायची. दर वेळी उठायची. माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणणं सोपं आहे. आलं होतं. पण विनोद चालत होता. आम्हाला एकच मुलगी. दुसरं नको, असं तीच म्हणाली, आणि मामाजी तिचं चारचौघांत कौतुक करत, "माह्या साऱ्या पोट्ट्यांत हेच शहाणी." मीही मान डोलवायचो.

मागच्या उन्हाळ्यात मामाजींची पंच्याहत्तरी आली. आपल्याकडे पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळतात. मामीजींनी कणीक मळायला घेतली, तसे मामाजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "पंच्याहत्तर दिवे? एवढ्या तेलात म्हयनाभर फोडण्या होतेत. पाच पोट्ट्या, पाच दिवे. बस." त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार? पाचही जणी एकेका दिव्याचं ताट घेऊन ओळीने उभ्या राहिल्या. पाहुणे होते म्हणून पंखा सुरू होता. रेल्वेतले एक जुने दोस्त म्हणाले, "अरे वा, पाचों बेटियाँ आई हैं!" झालं. मामाजी पाटावर सावरून बसले. "हे पयली. हे दुसरी. येथं थांबाचं होतं..." लोक हसायला तयार झाले. खोटं कशाला सांगू, मीही तोंड उघडलं होतं.

आज तिला आत जायला वाट नव्हती. हातात ताट होतं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, भाजी काय आणू विचारावं तसा. "मंग दोनच दिवे पुरे होते न. मी माहा इझवू का?"

कोणी हसलं नाही. नातवंडांपैकी एकाने "क्या हुआ?" विचारलं, त्याला त्याच्या आईने गप्प केलं. पंख्याच्या वाऱ्याने ताटातली ज्योत आडवी होत होती. एकदम मामाजींनी दोन्ही हात पुढे केले आणि ज्योतीभोवती ओंजळ धरली. "पंखा बंद करा रे कोनी! दिवा इझून राहिला, दिसत नाही का?" एवढंच म्हणाले. पंखा बंद झाला. भर मे महिन्यात सगळे घामाघूम होऊन उभे राहिले आणि तिने बापाला सावकाश, तीनदा ओवाळलं.

परतताना रिक्षात ती बाहेरचे ट्रक पाहत होती. मग म्हणाली, "दुसरं काहून नको म्हटलं होतं मी, कधी इचारलं तुम्ही?" मी नकाराची मान हलवली. "त्या दुसऱ्याले कोनी जास्तीचा म्हटलं असतं तं मले आयकवलं नसतं." रिक्षा वाटेतल्या बीरगांवच्या धुळीत अडकून पडली होती. पुढे गर्दी, मागे गर्दी. मामाजींचं म्हणणं खोटं नव्हतंच कधी. माणसं फार झालीच आहेत. फक्त त्यातलं एकेक माणूस कोणाच्या तरी शेजारी बसलेलं असतं.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी मामाजी एकटेच आमच्याकडे आले. बस भरलेली होती, उभेच आले होते, ते काही सुटलेलं नाही. इकडचं तिकडचं बोलले, तुळशीला आता नवी पानं फुटताहेत म्हणाले. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, तिनेही नाही. तिने सवयीने अर्धा कप चहा आणून पुढे ठेवला. मामाजी खाली मान घालूनच म्हणाले, "भरून दे न बाई."

ती कप भरून घेऊन आली, अगदी काठोकाठ. मामाजींनी दोन्ही हातांनी कप धरला, फुंकर मारली, प्यायले. पण इतक्या वर्षांची सवय. अर्ध्यावर आले आणि थांबले. पुन्हा तोंडाला लावून पाहिला, जमेना. ओशाळून तिच्याकडे बघत राहिले.

"ठेवा बाबा," ती म्हणाली. त्यांच्या हातातला कप तिने घेतला आणि त्यांच्या शेजारी बसून उरलेला चहा पिऊन टाकला. मी दारात उभा होतो. कप रिकामा झाला तरी ती उठून आत गेली नाही.