निशाणाच्या पुढ्यात

समुद्रकिनाऱ्यावर रोवलेले लाल-पिवळे झेंडे मी प्रथम पाहिले ते निवृत्तीनंतर. भरती-ओहोटीचा धडा मी राजुरीच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवला. परंतु आमचा समुद्र म्हणजे भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग.

कांदा चाळीत भरून झाला आणि खोडदच्या दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, कोकणची सहल ठरवली. आक्काला एकदा समुद्रस्नान करायचे होते. दाजींना पोहायचे होते. लहानपणी पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून ते विहिरीत पोहायला शिकले होते, आणि त्या भरवशावर गाडीत सारखे मला डिवचत होते.

"मास्तरीणबाई, पाणी ते पाणीच. तुमच्या पुस्तकात येगळं असंल तर सांगा."

"दाजी, विहिरीचे पाणी जागचे हलत नाही."

"मग आमी हलवतो की!"

आक्का हसली. माझे मात्र घाट उतरल्यापासून कशात लक्ष लागत नव्हते. उतरताच मी वाहनतळाजवळचा फलक वाचू लागले. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरू नये. वर लाल आणि खाली पिवळा रंग असलेले दोन झेंडे रोवलेले असतील तर त्यांच्या मधल्या पट्ट्यातच स्नान करावे. तेथे जीवरक्षकांचे लक्ष असते. सवयीने मी मजकूर पुन्हा वाचला. मान वर केली तेव्हा दोघे दिसेनात.

मी झपाझप वाळूत उतरले. अलीकडच्या झेंड्यापासून बऱ्याच अंतरावर दोघांच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. झेंड्याच्या बुडाशी हळद-कुंकू वाहिलेले, त्यावर खडीसाखर. आक्का तिथून पुष्कळ पुढे, डावीकडे, लुगडे खोचून उभी होती. आणि दाजी पाण्यात.

"आक्का, झेंड्यांच्या मध्ये का नाही उतरलात?"

"अगं, देवाच्या निशाणाम्होरं उघड्यानं अंघोळ करायची? हेच म्हनले, जरा लांब जाऊ. ही मान्सं बघ, खुशाल त्याच्या पुढ्यात नाचत्यात!"

यात तिचे काय चुकले? आमच्याकडे झेंडा दिसला की तो देवळाचा, नाहीतर दर्ग्याचा. चपला काढायच्या, हात जोडायचे आणि त्याच्या आसपास धुणे-न्हाणे करायचे नाही, एवढेच आम्हांला लहानपणापासून ठाऊक.

दाजींनी जागाही पारखून निवडली होती. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. मधला तेवढा पट्टा शांत. विहिरीत वाढलेल्या माणसाला ते पाणी ओळखीचे वाटणार. वस्तुतः लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी अशाच वाटेने परत आत जाते, म्हणून तिथे लाट फुटत नाही. दाजी आमच्याकडे तोंड करून जोरजोराने हात मारत होते, आणि दर वेळी थोडे लहान दिसत होते.

"पव्हत्यात ना गं ते?" आक्काने विचारले.

मी जीवरक्षकाच्या मचाणाकडे पळत सुटले, तोच शिट्टी वाजली. दोघे जण लाल तरंगता फ्लोट घेऊन पाण्यात शिरले होते.

"काका, किनाऱ्याकडे नको! आडवे पोहा, आडवे!"

दाजी ऐकत नव्हते. ते समोरच येऊ पाहत होते. मागोमाग धावत आलेल्या आक्काने माझे मनगट इतके घट्ट धरले की बांगडी रुतली. अखेर एकाने त्यांना गाठले, फ्लोट काखेत दिला, आणि तिघे बाजूने वळसा घेऊन बाहेर आले.

दाजी वाळूत बसून खोकत राहिले. मग म्हणाले, "आत्ता हिरीसारखा काठ हाताला लागंल, आसं वाटत व्हतं."

"पानी ते पानीच न्हवं?" आक्का कडाडली, आणि पदराने त्यांचे डोके पुसू लागली.

मला तडक गाडीत बसून परत निघायचे होते. तरी फलकावरचा मजकूर मी दोघांना समजावून सांगितला. आक्काने नीट ऐकले.

"म्हंजे त्याच्या पुढ्यातच न्हायचं?"

"होय. दोन्हींच्या मध्ये."

"मग चल. त्याचसाठी आलेय मी."

आम्ही गुडघाभर पाण्यात शिरलो. मी पाण्याकडे न पाहता झेंड्यांकडेच पाहत होते. एवढ्यात एका जीवरक्षकाने अलीकडचा झेंडा उपटला.

"आरं, देव का उठवला?" आक्का ओरडली.

"ओहोटी लागली, मावशी. पाण्याची ओढ इकडे सरकली. आता तिकडे न्हायचं."

वाळूत हळद-कुंकू लागलेला खड्डा तेवढा राहिला. देवाने जागा बदललेली आम्ही कधी पाहिली नव्हती. आम्ही पाण्यातून निघून झेंड्यांमागे चालू लागलो. दाजी उठले, सगळ्यांच्या चपला उचलल्या आणि नव्या जागेपासून पुन्हा बेताच्या अंतरावर ओळीने मांडल्या. ते पाण्यात उतरले नाहीत. कोरड्या वाळूत उभे राहून आळीपाळीने दोन्ही झेंड्यांकडे पाहत राहिले, आणि आक्का जरा डावीकडे सरकली की घोगऱ्या आवाजात ओरडत, "मधी! आगं, मधी ऱ्हा!"