घाटमाथ्यावर कुणी थांबलं नाही

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मंचरला माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. मोटार बंद पडली की वायर बघायची, कपॅसिटर बघायचा, 'बाहेरचं' बघायचं नाही — हा माझा धंदा. तरीही पुण्याला जाताना मी गेली काही वर्षं पेठ-अवसरीचा घाट टाळून पाबळवरून लांबच्या रस्त्यानं जायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "रस्ता मोकळा असतो." विश्वास नसणारी माणसं अशीच असतात... निदान आमच्या घरात.

कारण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा माझे आजोबा — आम्ही त्यांना बापू म्हणायचो — मंचर-पुणे सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालवायचे. मोटारीला मागे भली मोठी टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर इंजिन. सपाटीला ठीक, पण चढ आला की तिचा दम तुटायचा. म्हणून अवसरी घाटाच्या पायथ्याशी सगळ्यांनी उतरायचं, बाप्यांनी ढकलायचं, बायांनी चालायचं. मोटारीनं वर जाऊन शेवटचं माणूस येईपर्यंत थांबायचं. तसा शिरस्ताच होता.

रेशनला रांगा, घरात रॉकेल नाही, पण पुण्याला सर्कस आली म्हटल्यावर मोटार खच्चून भरली. त्यात साळूबाई नावाची एक बाई तेवढी सर्कशीला निघाली नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. त्याची आगगाडी त्या दुपारी पुणे स्टेशनात थोडा वेळ थांबणार असा निरोप आला होता, म्हणून ती भाकरी-ठेचा बांधून निघाली होती. चढावर ती मागे पडली. वर पोचलेली मंडळी ओरडायला लागली, "चल की ड्रायव्हर, खेळ सुटंल!" थांबावं तर गॅस उतरतो, पुन्हा धग धरायला अर्धा तास. बापूंनी मागे पाहिलं. ती दोन वळणं खाली दिसत होती.

त्यांनी मोटार सोडली.

साळूबाई चालत पुण्याला गेली. आगगाडी कधीच निघून गेली होती. मुलगा लढाईवरून परत आला नाही.

पुढे भर बाजारात ती बापूंना आडवी आली. म्हणाली, "खेळ बगितलास न्हवं? आता तुज्या घरच्यांचा मी बगंन. वर कोन कुनासाठी थांबतंय, त्ये बगंन."

ती वारली, आणि बापूंची मोटार घाटमाथ्यावर बंद पडायला लागली. उपाय एकच सापडला. घरातल्या एकानं पायथ्याशी उतरून चढून यायचं, बाकीच्यांनी वर थांबायचं. माझे वडील, अण्णा, लग्नाच्या ट्रकमधूनसुद्धा उतरायचे आणि अख्खं वऱ्हाड वर ताटकळायचं. आता ते चौऱ्याऐंशीचे, गुडघे गेलेले. आणि मला चालायचा कंटाळा... म्हणून पाबळ.

आता माझं ऐका. मुलगा अमेय नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता. चार महिन्यांपूर्वी भांडणात मी त्याला बोलून गेलो, "जायचंय तर जा, पण मग परत येऊ नकोस." तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तो पुण्यात मित्राकडे राहायला गेला. दुपारचं विमान होतं. तो शब्द समोरासमोर मागे घ्यायचा, असं मी ठरवलं होतं. आरशासमोर तालीम केली, तीनदा शर्ट बदलला आणि उशीर केला.

"अहो, पाबळ राहू द्या, घाटानं चला," बायको म्हणाली. सुनीता माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवते, पण नवी गाडी होती ना, स्टिअरिंग मी सोडतोय कुठला!

नातवाला निरोप द्यायला अण्णाही मागच्या सीटवर होते. पायथ्याशी ते म्हणाले, "थांबीव. उतरतो."

"अण्णा, गप बसा. गुडघे बघा स्वतःचे."

गाडी लोण्यासारखी चढली. वर आल्यावर मी म्हटलं, "बघितलंत?" आणि ती उभी राहिली. इंजिन चालू, एसी चालू, गिअर पडलेला. कुणी बॉनेटवर हात टेकून धरावं तशी. मागे जायची, पुढे नाही.

पेठ गावातून मेकॅनिक आला. आम्ही उतरलो, तो मजेत चक्कर मारून आला. "भाऊ, गाडी येक नंबर हाय." आम्ही बसलो, गाडी थांबली. मग भाड्याची जीप बोलावली. बसलो, तीही थांबली. ड्रायव्हर मान खाजवत म्हणाला, "पावणं, तुमी जरा उतरता का?" उतरलो, तर जीप सुटली आणि तो बाबा परत फिरकलाच नाही.

अण्णांनी मुकाट्यानं दार उघडलं आणि काठी घेतली. मला ते बघवेना. त्यांना पुन्हा बसवलं, सुनीताला "मी येईपर्यंत थांब" म्हटलं आणि खाली जाणारा कांद्याचा टेम्पो धरला.

"गाडीचं त्वांड तर पुण्याकडं हाय राव, मग तुमी उलटं कुटं?" टेम्पोवाल्यानं विचारलं.

"व्यायाम," मी म्हणालो. फोन गाडीतच राहिला होता.

पंचावन्न वर्षं, पंच्याण्णव किलो. तीन ठिकाणी बसलो, एका वळणावर साळूबाईची मोठ्यानं माफी मागितली. तिथं चरणारी एक शेळी दचकून पळाली. कसाबसा वर पोचलो.

गाडी नव्हती.

एस.टी. मिळाली, ती निमूट चालली. पुण्यात पुढे रिक्षा केली. विमानतळावर पोचलो तेव्हा अमेय आत जाऊन तास झाला होता. सुनीता माझ्यावरच उखडली. "होतात कुठे? तो सारखा मागे वळून बघत होता! काचेवर टकटक करून तुम्हीच म्हणालात ना, 'निघा, थांबू नका, मी मागून येतो'? चावी फिरवली आणि निघाली गाडी."

त्या वेळी मी तीन वळणं खाली धापा टाकत होतो.

गाडी कंपनीत तपासली, काही निघालं नाही. सुनीता खोटं बोलत नाही, तेवढी ती मला घाबरतच नाही. उत्तर माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर जरूर सांगा. अमेयचा फोन येतो, आम्ही हवापाण्याचं बोलतो. तो शब्द मागे घेतो, एवढं वाक्य काही केल्या तोंडातून निघत नाही. "कधी येणार?" विचारलं की म्हणतो, "बघू."

परवा न राहवून अण्णांना विचारलं, "काचेपाशी कोण आलं होतं, तुम्ही पाहिलंत?"

"पायलं."

"मी होतो?"

"दिसायला तूच. पर येवढा घाट चढून आलेला तू, आन अंगाला घाम न्हाई?"

"मग सुनीताला थांबवलं का नाहीत?"

ते काठीची मूठ चोळायला लागले. "नातवाला बगायचं व्हतं मला."

मी म्हटलं, "अण्णा, आता तरी फिटलं असेल ना तिचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिचा पोरगा आला का माघारी?"